बाईंनी विचारलेला प्रश्न

दोस्तांनो, तुम्ही कधी खोटी साक्ष दिली आहे का? "छे! आम्ही कशाला देऊ?" असंच म्हणाल ना? मीही तसंच म्हटलं असतं. पण मी दिली आहे. आणि ती देताना मी एक अक्षरही मुद्दाम खोटं बोलले नव्हते!

सातवीत असतानाची गोष्ट. आमची शाळा तालुक्याच्या गावातली, कौलारू. सहलीची वर्गणी बाईंनी एका खाकी पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवली होती. मधली सुट्टी संपली आणि पाहतात तर काय, पाकीट गायब! सुट्टीत मी नळावर पाणी प्यायला गेले होते. तेव्हा आमच्या वर्गाच्या दाराशी मला कुणीतरी पाठमोरं दिसलं होतं. दोन वेण्या, निळा स्कर्ट. आता तशा तर अर्ध्या शाळेच्या मुली दिसायच्या!

बाईंनी मला उभं केलं आणि विचारलं, "ती वर्गातून बाहेर आली, तेव्हा पाकीट तिच्या कोणत्या हातात होतं?"

'ती' म्हणजे माझ्याच बाकावर बसणारी माझी मैत्रीण. तिची वर्गणी भरायची राहिली होती, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा आधीच तिच्याकडे वळल्या होत्या. मी क्षणभर आठवून पाहिलं आणि म्हणाले, "उजव्या."

झालं! ती दोन दिवस वर्गाबाहेर उभी होती. तिसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना शाळेत बोलावलं. आणि त्याच दुपारी पाकीट सापडलं. ऑफिसातल्या कपाटात, हजेरीपटाच्या पानांत! घाईघाईत बाईच ते हजेरीबरोबर घेऊन गेल्या होत्या. त्यांनी सगळ्या वर्गासमोर आपली चूक कबूल केली. पण मैत्रिणीनं बाक बदलला तो बदललाच. पुढच्या वर्षी ती मामाच्या गावी शिकायला गेली.

आणि मी? आजही डोळे मिटले की मला तिच्या उजव्या हातातलं ते खाकी पाकीट स्पष्ट दिसतं. जे तिथं कधी नव्हतंच!

हे कोडं मनात घेऊनच मी मोठी झाले. कॉलेजात मानसशास्त्र घेतलं, मग अमेरिकेत जाऊन पीएच.डी. केली. वाटलं, सुटलो बुवा! पण नाही. मला ज्या शाखेत काम करायचं होतं, तिथं पीएच.डी.नंतरही सहसा आणखी एक वर्ष अनुभवी माणसाच्या हाताखाली उमेदवारी करतात. आमच्या शेजारच्या आजींनी आईला विचारलंच, "अगो, ही अजून किती शिकणार?"

या शाखेचं नाव फोरेन्सिक सायकॉलॉजी. आपल्याकडं 'फोरेन्सिक'ला 'न्यायसहायक' म्हणतात. मुंबईला कलिन्याला जी मोठी सरकारी प्रयोगशाळा आहे ना, रक्ताचे डाग, विषं वगैरे तपासणारी, तिच्या नावात हाच शब्द आहे. मूळ लॅटिन शब्द 'फोरम'. फोरम म्हणजे प्राचीन रोममधला भर चौक, जिथं खटले चालत. तेव्हा फोरेन्सिक सायकॉलॉजी म्हणजे न्यायाच्या कामी येणारं मानसशास्त्र.

सिनेमातल्यासारखं गुन्हेगाराच्या डोळ्यांत पाहून "हाच तो खुनी!" असं सांगायचं काम असेल, असं तुम्हाला वाटेल. मला तर वाटलंच होतं! प्रत्यक्षात ते वर्ष मी एकच गोष्ट शिकत होते, प्रश्न कसा विचारायचा.

माझं काम मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका मनोरुग्णालयात होतं. ज्यांच्यावर खटला आहे, पण ज्यांचं मन ठिकाणावर आहे की नाही अशी कोर्टाला शंका आहे, अशा माणसांना तिथं पाठवत. 'यानं गुन्हा केला का?' हा आमचा प्रश्नच नव्हता. तो न्यायालयाचा. आमचा प्रश्न वेगळा होता. आपल्यावर काय खटला चालला आहे हे याला कळतं का? आपल्या वकिलाशी हा विचारानं बोलू शकतो का? ही कसोटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६० साली डस्की नावाच्या माणसाच्या खटल्यात घालून दिली. ज्याला कळतच नाही, त्याच्यावर खटला चालवणं म्हणजे झोपलेल्या माणसाशी कुस्ती खेळणं. त्याच्यावर आधी उपचार करायचे, खटला मग.

पहिल्याच दिवशी माझ्या मार्गदर्शक सरांनी मला चार वाक्यं पाठ करायला लावली. "मी तुमच्यावर उपचार करायला आलेली नाही. मला कोर्टानं पाठवलं आहे. तुम्ही जे सांगाल ते मी अहवालात लिहू शकते. नको वाटलं तर उत्तर देऊ नका." एवढं बोलून थांबायचं नाही. समोरच्यानं ते स्वतःच्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय पुढं जायचं नाही.

का बरं? त्यामागं टेक्सासमधली एक गोष्ट आहे. तिथं एका मानसोपचारतज्ज्ञानं एका कैद्याला असंच 'खटल्याला योग्य आहे का' म्हणून तपासलं. आपलं बोलणं पुढं आपल्याच विरुद्ध वापरलं जाईल, हे कैद्याला कुणी सांगितलं नाही. आणि नंतर त्याच बोलण्याच्या आधारे त्याला फाशी व्हावी म्हणून साक्ष दिली गेली! १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं हे चूक ठरवलं आणि त्याची फाशी रद्दच राहिली.

आता माझी फजिती ऐका. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. विशी ओलांडलेला एक मुलगा होता. वकिलाचं नाव काढलं की गप्प व्हायचा. मी विचारलं, "वकील तुमच्या विरुद्ध कट करताहेत असं तुम्हाला वाटतं ना?" तो म्हणाला, "हो." मी खूश! लगेच लिहून टाकलं, 'वकिलाबद्दल निराधार संशय.'

सरांनी मुलाखतीची टेप ऐकली. लाल पेन घेतलं आणि माझ्या प्रश्नांपैकी १४ प्रश्नांखाली रेघ ओढली. म्हणाले, "या चौदांची उत्तरं त्याची नाहीत, तुझी आहेत. तू ती त्याच्या खिशात ठेवलीस आणि परत काढून घेतलीस."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. या वेळी एवढंच म्हटलं, "तुमच्या वकिलांबद्दल सांगा." आणि गप्प बसले. गप्प बसणं किती कठीण असतं म्हणून सांगू! बऱ्याच वेळानं तो बोलू लागला. "त्यांचा पगार सरकार देतं. पण भांडतात माझ्यासाठी. फक्त फोन उचलत नाहीत!" कसला कट आणि कसला संशय! मुलगा अगदी शहाण्यासारखं बोलत होता. माझ्या एका 'ना'मुळं मी त्याला वेडा ठरवणार होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला माझ्या सातवीतल्या बाई आठवल्या. "पाकीट कोणत्या हातात होतं?" त्यांनी 'कुणाला पाहिलंस?' असं विचारलंच नव्हतं. 'पाकीट पाहिलंस का?' असंही नाही. उत्तर प्रश्नातच होतं, मी फक्त हात निवडला!

याबद्दलचा एक प्रयोग मी पुस्तकात कधीच वाचला होता, पण अर्थ आता उमगला. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या छोट्या फिल्म दाखवल्या. मग मोटारींचा वेग विचारला. काहींना विचारलं, "एकमेकींवर धाडकन आदळल्या तेव्हा वेग किती होता?" काहींना विचारलं, "एकमेकींना लागल्या तेव्हा किती होता?" फिल्म त्याच, फक्त क्रियापद वेगळं. 'आदळल्या' ऐकणाऱ्यांनी सरासरी ताशी जवळजवळ ४१ मैल सांगितला, 'लागल्या' ऐकणाऱ्यांनी ३२! पुढच्या प्रयोगात त्यांनी आठवड्यानंतर विचारलं, "फुटलेली काच दिसली का?" 'आदळल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती दिसली होती. वेगाचा प्रश्नच ज्यांना विचारला नव्हता, अशा ५० जणांपैकी फक्त सहांना. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

म्हणजे आठवण ही फोटोसारखी नसते. दर वेळी आपण ती नव्यानं मांडतो, आणि मांडताना प्रश्नातले तुकडेही तिच्यात बसवतो. अमेरिकेतल्या रोनाल्ड कॉटन या माणसाला एका प्रामाणिक साक्षीदाराच्या चुकीच्या ओळखीमुळं १९८५ मध्ये शिक्षा झाली. १९९५ साली डीएनए तपासणीत तो निर्दोष ठरला. तोवर तुरुंगात दहा वर्षांहून जास्त काळ गेला होता! त्यापुढं माझ्या मैत्रिणीचे दोन दिवस काहीच नाहीत, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही.

उमेदवारी संपल्यावर मी गावी आले, तिचा पत्ता शोधला आणि पत्र लिहिलं. सगळं, काचेच्या प्रयोगासकट. आठ दिवसांनी तिचा फोन आला. म्हणाली, "इतकी वर्षं मी समजत होते, तू मुद्दाम खोटं बोललीस. आता म्हणतेस, तुला खरंच तसं दिसलं. मग मी रागवायचं तरी कुणावर?" मी गप्प. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "पण काय गं, 'मला माहीत नाही' एवढं म्हणता आलं नसतं का तुला?"

दोस्तांनो, त्या एका वर्षात मी जे शिकले ते तिनं एका वाक्यात सांगितलं!

आपल्याकडंही आता याचा विचार होतो बरं का. मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ साली झालेल्या पॉक्सो कायद्यात मुलाचा जबाब घेणारा पोलीस गणवेशात नसावा असं म्हटलं आहे. कोर्टातही वकिलांना मुलाला थेट प्रश्न विचारता येत नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत विचारावे लागतात. आणि ही विद्या शिकायला परदेशीच जायला हवं असंही नाही. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात ती शिकवतात.

पण एक धडा तर घरबसल्या गिरवता येतो. धाकटा भाऊ रडत आला की "दादानं मारलं ना?" असं विचारू नका. "काय झालं?" एवढंच विचारा आणि थांबा. आणि कुणी तुम्हाला विचारलं, सगळे तुमच्या तोंडाकडं बघत असले, बाई वाट पाहत असल्या, तरी जे पाहिलं तेवढंच सांगा. बाकीच्यासाठी "मला माहीत नाही" हे पूर्ण उत्तर आहे. त्याचे मार्क कुणी कापत नाही.

मैत्रिणीनं मला माफ केलं का? तसं तिनं म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पण दिवाळीत तिच्याकडून फराळाचा डबा आला. आत चिठ्ठी होती, 'कोणत्या हातानं भरला, ते विचारू नकोस!'