खंड पडला तेथूनच पुढें

आमचें नाकाडोंगरी हें गांव तुमसर तालुक्यांत, डोंगर व जंगल यांच्या सान्निध्यांत वसलेलें आहे. आभाळ भरून आलें कीं येथील आंतरजाल खंडित होतें, आणि शेंकडा नव्वद भाग उतरलेलें पाठ्यपुस्तक हातचें जातें. पुनः पहिल्यापासून आरंभ करावा, तर डेटा संपतो. आणि तो आईबापांच्या मजुरीच्या पैशांतून घेतलेला असतो.

या अडचणींत आम्हांस 'डब्ल्यूगेट' नामक लहानशा साधनानें हात दिला. हर्वोये निक्शिच या क्रोएशियन गृहस्थांनीं तें १९९६ सालीं प्रसिद्ध केलें. तें सर्वांस विनामूल्य आहे. काळ्या पडद्यावर साधनाचें नांव, मग आडवी रेघ व 'सी' हें अक्षर, शेवटीं फाइलचा पत्ता लिहावा, एवढीच आज्ञा. तें साधन आपणांकडे किती भाग आला आहे हें मोजतें व सर्व्हरकडे त्यापुढील भाग मागतें. सर्व्हरला तें मान्य असल्यास तो '२०६' हा अंक उत्तरादाखल धाडून उरलेलेंच पाठवितो.

मात्र मध्यंतरीं मूळ फाइल बदलली असेल, तर जुना पूर्वार्ध व नवा उत्तरार्ध जुळून ग्रंथ विद्रूप होतो. म्हणून प्रकाशकानें पडताळणीची खूण दिली असल्यास ती अखेरीस ताडून पाहावी.

बालमित्रहो, पावसानें थांबलेली रोवणी आपले वडील दुसरे दिवशीं त्याच बांधींत पुढें नेतात; लावलेले रोप कोणी उपटीत नाहीं. आजारपणानें वा कामधंद्यानें ज्यांचा अभ्यास थांबला आहे, त्यांनींहि हें ध्यानांत ठेवावें.