‘ना’ आणि ‘क’ यांच्यामधला काळ

विलंबित एकतालाचे एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रांचा एक पूर्ण फेरा, मात्रेमागे पाच सेकंद धरले तर एका मिनिटाचे होते. परंतु हे मिनिट मैफलीतल्या सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. गायकाला ते अपुरे पडते, कारण रागाची बढत, बंदिशीचे शब्द आणि समेवर नेणारा मुखडा हे सारे त्याला त्यातच बसवायचे असते. श्रोता मात्रा मोजत नसतो. सम आली की मागे वळून तो या मिनिटाची लांबी अनुभवतो, आणि गाणे रंगले असेल तर ती त्याला जाणवतही नाही. तबल्याच्या साथीदाराची जागा या दोघांहून वेगळी असते, कारण काळ जात असतानाच त्याच्याकडे पाहत राहणे हेच त्याचे काम असते; आणि ज्याचे लक्ष काळावरच खिळलेले असते त्याला तो लांबलेला भासतो, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांतून वारंवार दिसून आले आहे.

या लांबलेपणाची खरी कसोटी समेवर लागत नाही, ती पाचव्या ते आठव्या मात्रेत लागते. ‘धागे तिरकिट’ झाल्यावर येणाऱ्या ‘तू ना क त्ता’ या बोलांत डग्ग्याचा खुला घुमारा कोठेच नाही. ‘तू’ची आस काही क्षण टिकते, ‘ना’ चाटेवर वाजून लगेच विरतो आणि ‘क’ हा तर बंद बोल असतो. नवव्या मात्रेवरच्या ‘धागे’पर्यंत ठेक्याचा हा एकतृतीयांश भाग, वरच्या हिशेबाने तब्बल वीस सेकंद, जवळजवळ तळ नसलेला असतो. त्यातही ‘ना’ आणि ‘क’ यांच्यामधले अंतर प्रस्तुत लेखकाला साथीच्या साऱ्या आयुष्यात एकदाही निर्विकारपणे ओलांडता आलेले नाही, कारण तेथे हाताला करण्यासारखे काही नसते आणि ‘क’ नेमका केव्हा पडावा हे सांगणारा आवाजही उरलेला नसतो.

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने लयीची व्याख्या आघातावरून केलेली नाही. दोन क्रियांमधली विश्रांती म्हणजे लय, असे तो मानतो, आणि द्रुताच्या दुप्पट विश्रांती मध्य लयीत व मध्याच्या दुप्पट विलंबित लयीत, असा क्रम लावतो. ही व्याख्या साथीदाराच्या आसनावरून पाहिल्यासारखी वाटते. आधुनिक संशोधनाची त्यात एक अडचणीची भर पडली आहे, ती अशी की दोन आघातांमधले अंतर सुमारे दोन सेकंदांच्या पलीकडे गेले की मन त्यांना एका लयीत सहजी गुंफू शकत नाही. पाच सेकंदांची मात्रा म्हणूनच सरळ अनुभवता येत नाही, ती आतल्या आत चार-चार भागांत मोजावी लागते. मार्टिन क्लेटन या अभ्यासकाने हिंदुस्थानी संगीतातील काळावरच्या आपल्या २००० सालच्या ग्रंथात अतिविलंबित लयीचा हा प्रश्न विस्ताराने मांडला आहे. साथीदाराला तो ग्रंथ न वाचताही पाचव्या मात्रेवर कळतो.

आज दोन मात्रांमधला हा काळ बहुतेक साथीदार भरणा करून, म्हणजे मूळ बोलांच्या मध्ये बारीक बोल पेरून, निकालात काढतात. थोडा भरणा आवश्यक आहे, त्यावाचून गायकाला मात्रेचा माग लागणार नाही. परंतु प्रत्येक मात्रेत ‘तिरकिट’ दाटू लागले की लय विलंबित राहत नाही, ती मंद गतीचे सोंग घेतलेली द्रुत लय होते. भरलेला अवकाश रिकाम्या अवकाशाहून लांब भासतो, तेव्हा असा साथीदार काळ सुसह्य करण्याच्या नावाखाली श्रोत्यांसाठी तो आणखी लांबवत असतो. दोष केवळ त्याचा नाही. ग्वाल्हेर गायकीचा तिलवाडा बोल मोजत चालत असे आणि जयपूर गायकीने तीनताल फारसा ताणला नाही. अमीर खाँ (१९१२–१९७४) यांनी झुमरा अतिशय संथ केला तो त्यांच्या मेरुखंडी विस्ताराला तेवढी जागा लागत होती म्हणून. ज्यांच्याजवळ सांगण्यासारखे तेवढे नाही त्यांनीही तीच लय उचलली, ही अलीकडची घसरण आहे. जुन्या तबकड्या पुढे करून पूर्वीचे विलंबित चढेच असे, असा दावा करणारेही घाई करतात, कारण तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत मिनिटाची आवर्तने तीनच मावली असती.

प्रस्तुत लेखकाच्या एका शिष्येने रियाझ केला तो मोबाईलमधल्या तबल्याबरोबर. पडद्यावर चालू मात्रेचा आकडा उजळतो, त्यामुळे तिच्या दृष्टीने काळ ही समोर दिसणारी जागा आहे, आणि ‘ना’पासून ‘क’पर्यंतचे अंतर तिला इतर कोणत्याही दोन मात्रांइतकेच असते. वयाबरोबर माणसाच्या हाताची स्वाभाविक गती मंदावते, आणि तिची लय आता गुरूला किंचित पळती वाटते, तर गुरूची तिला ओढल्यासारखी. यांतली खरी कोणती, हे यंत्राला विचारून भागत नाही, कारण लय गायक ठरवतो आणि रंगलेल्या गाण्यात ती नकळत थोडी चढते, ते कोणी दोष मानत नाही. तरीही यंत्राने घडवलेल्या शिष्येचा हात जेथे डगमगत नाही तेथे आपला का डगमगतो, हा प्रश्न गुरूला सोडत नाही.

त्याचे उत्तर कदाचित अहंकारात आहे. ठेका जाणवू नये असे वाजवणे हा साथीचा आदर्श मानला जातो, परंतु तो जाणवू न देण्याचे श्रेय मात्र साथीदाराला जाणवून हवे असते. गायक समेची वाट चुकू लागला की अकराव्या मात्रेवरचे ‘धी’ किंचित दाबून त्याला खूण करता येते. ती खूण मदतीची असते आणि त्याच वेळी, सम कोठे आहे हे कोणाला ठाऊक आहे, ते पहिल्या रांगेला कळवणारीही असते. प्रस्तुत लेखकाने ती गरजेहून अधिक वेळा, अधिक स्पष्ट केली आहे, आणि त्यातला आनंद अजून ओसरलेला नाही. अलीकडे एका जाणत्या श्रोत्याने त्या शिष्येच्या साथीबद्दल, ठेका चालू आहे हे आपल्याला गाणे संपल्यावर आठवले, असे म्हटले. अशी दाद प्रस्तुत लेखकाला कधीच मिळाली नव्हती. ती शिष्येला मिळाली याचे त्याला मनापासून समाधान आहे, मात्र हिला शिकवले कोणी, असे त्या श्रोत्याने विचारले असते तर ते अधिक बरे झाले असते.