सावलीतील दवादारू

बडोद्याहून उत्तरेस सुमारे तीस किलोमीटरवर सावली हे तालुक्याचे गाव आहे. मराठी माणूस हे नाव प्रथम ऐकतो तेव्हा त्याला एखाद्या डेरेदार वडाची आठवण होते; मात्र वैशाखात दुपारी जो तेथे एस.टी.तून उतरला असेल त्याचा हा गैरसमज फार वेळ टिकत नाही. आमचे या गावाशी नाते आजोळचे. गेल्या माघात पुष्कळ वर्षांनी तिकडे जाण्याचा योग आला. रस्ता आता ओळखू येत नाही. मंजुसरला कारखान्यांची मोठी वसाहत उभी आहे, आणि दिल्लीच्या मेट्रोचे डबे ज्यात तयार झाले तो २००८ साली सुरू झालेला कारखानाही याच सावलीच्या परिसरात आहे. पूर्वी या वाटेवर दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर दिसे, आणि एस.टी.च्या खिडकीतून धुळीचा एक पातळ थर अंगावर बसला की सावली जवळ आली असे समजावे.

बडोद्याच्या मराठी घरांतून वाढलेल्या मंडळींना सावलीचे महत्त्व सांगावे लागू नये. तथापि नव्या पिढीसाठी दोन शब्द सांगतो. गायकवाडांच्या राज्याचा पाया घालणारे पिलाजीराव यांचा १७३२ साली डाकोर येथे घात झाला. मारवाडचा राजा अभयसिंग त्या वेळी बादशहाच्या वतीने गुजराथचा सुभेदार होता. त्याची माणसे बोलणी करण्याच्या मिषाने आली आणि त्यांपैकी एकाने कानात काही सांगावयाचे आहे असे भासवून पिलाजीरावांना कट्यारीने मारले, असे इतिहासकार सांगतात. त्यांच्या लोकांनी धन्याचा देह घेऊन मही नदी ओलांडली आणि सावली येथे त्यास अग्नी दिला. पुढे बडोदेही काही काळ हातचे गेले. पिलाजीरावांचे बंधू महादजी यांनी ते १७३४ मध्ये परत घेतले. पिलाजीराव आणि त्यांचे पुत्र दमाजीराव यांच्या स्मरणार्थ उभारलेली देवळे सावलीत तळ्याकाठी आहेत.

आमचे मामा या देवळांकडे बोट दाखवून म्हणत, "एवढे घोडदळ पदरी असलेला माणूस, आणि घात कशाने झाला? क्षणभर बेसावध राहिल्याने." हे वाक्य त्यांनी आम्हांस किती वेळा ऐकविले असेल याची गणती नाही. त्याचा अर्थ मात्र आम्हांस एकदाच, आणि तोही निराळ्याच प्रकरणात, नीट कळला. ते प्रकरण सांगण्यासाठीच हा लेख.

१९६८ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. बडोद्यात सायकलवरून पडून आमचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. वय चोविशीचे, नोकरी नुकतीच लागलेली आणि तीही अद्याप कायम न झालेली. प्लास्टर मांडीपर्यंत. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले. पाय सरळ जुळेल की जन्माची लचक राहील हे तेव्हा सांगता येत नव्हते, आणि ते न सांगता येणेच आम्हांस अधिक दुखत होते. घरात दोन खोल्या, माणसे आठ. तेव्हा मामा स्वतः आले आणि आम्हांस भाड्याच्या मोटारीत आडवे घालून सावलीस घेऊन गेले.

मामांचे पूर्वज गायकवाडांच्या पागेबरोबर गुजराथेत आलेले. मामांची स्वतःची उमर सावलीच्या वहिवाटदार कचेरीत लेखणी चालविण्यात गेली. १९४९ च्या मे महिन्यात बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, कचेरीवरची पाटी बदलली, पुढे १९६० मध्ये गुजराथ वेगळा झाल्यावर पुन्हा बदलली; मामांची खुर्ची मात्र निवृत्त होईपर्यंत तीच राहिली. गावात आमच्या लोकांना 'दक्षिणी' म्हणत. अशी मोजकीच घरे होती. मामींची भाषा घरात शुद्ध मराठी, ओट्यावर शुद्ध गुजराथी. आणि कढी दोन्ही भाषांत सारखीच गोड.

पहिले आठ दिवस आम्ही झोपाळ्याकडे पाहत काढले. वाचावयास घ्यावे तर मन लागेना. मामींनी पानसुपारी कातरावयास दिली, तांदूळ निवडावयास दिले. मामा एक दिवस म्हणाले, "तुझे हात धडधाकट आहेत ना? मग उद्यापासून माझ्या कामाला लाग."

मामांचे काम म्हणजे काडतुसे भरणे. महीकडच्या कोतरांलगत त्यांचे थोडे शेत होते. या कोतरांतून रात्री रोझांचे, म्हणजे नीलगाईंचे, कळप आणि रानडुकरे बाहेर पडत आणि एका रात्रीत तुरीचा फडशा पाडीत. पीकरक्षणासाठी मामांजवळ परवान्याची बारा बोअरची दुनळी बंदूक होती. बारा बोअर म्हणजे काय ते त्यांनीच आम्हांस सांगितले: एक रतल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. मामांनी जनावर मारणे केव्हाच सोडले होते. तरुणपणी एका गाभण काळविटीवर चुकून बार गेला, तेव्हापासून ते फक्त आभाळाकडे बार काढीत. तेवढ्यानेही कळप उधळत असे.

विकतची काडतुसे महाग पडत. म्हणून मामा पितळी काडतुसे वापरीत. ती एकदा उडवून फेकून द्यावयाची नसतात. पुन्हा पुन्हा भरता येतात. उडालेल्या काडतुसाच्या बुडातील पिचलेली टोपी काढावयाची, पितळ कोमट पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवावयाचे, नवी टोपी बसवावयाची, मापाने दारू घालावयाची, तीवर पुठ्ठ्याची व नमद्याची चकती लाकडी दांड्याने ठासावयाची, मग छर्रे, आणि वर पातळ चकती बसवून कडेने मेण लावावयाचे. सांगावयास इतके सोपे. परंतु यांतील प्रत्येक कृती मामा देवपूजेसारखी करीत. अलीकडे त्यांच्या हाताला कंप सुटला होता आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यामुळे त्यांच्या देखत, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, आमचे हात चालू लागले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये दारूगोळा तयार करणे हे परवान्यावाचून करावयाचे काम नव्हे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा जुना शौकही संपविला. आम्ही येथे जे सांगतो आहोत ते कोणी घरी करून पाहावे म्हणून नव्हे.

त्या कामाने आमच्यावर जी जादू केली ती औषधाने केली नव्हती. सकाळी उन्हात चटई टाकून बसावे, पुढे जुने वर्तमानपत्र पसरलेले, त्यावर पितळेची पंचवीस नळकांडी सैनिकांसारखी ओळीत उभी. दारूचे माप भरावे, वरून पट्टीने सपाट करावे, ओतावे. दुसरा कसलाही विचार मनात आला की मामा खाकरत. पाय जुळतो आहे की नाही, नोकरी राहील की जाईल, हे प्रश्न त्या दोन तासांत दाराबाहेर उभे राहत. मामांना शब्दांचा नाद होता. एकदा म्हणाले, "आपण दवादारू म्हणतो, त्यातली दारू ही हीच बरे का. फारशीत दारू म्हणजे औषध. बंदुकीचे औषध ते दारू, आणि पिणाऱ्यांनी आपल्या औषधालाही तेच नाव दिले. काडतूस हा शब्द तर पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर उतरविला. तेव्हा तुझ्या मांडीवर हा अर्धा इतिहास सांडला आहे, तो झटकून टाक." शोरा, गंधक आणि कोळसा ही तीनही निरुपद्रवी दिसणारी द्रव्ये एकत्र येऊन काय करतात हे सांगताना त्यांचा आवाज खाली येई.

मामांचा एक नियम होता. त्यांच्याकडे दारूचे दोन डबे होते. एकात जुनी काळी दारू, दुसऱ्यात बिनधुराची नवी दारू. काळीचे माप मोठे. नवी दारू फार जोरकस, तिचे माप अगदी लहान, आणि तिची काडतुसेही वेगळी. काळीच्या मापाने नवी दारू भरली तर बंदुकीची नळी फुटते, आणि नळी फुटते ती धरणाऱ्याच्या डाव्या हातात, चेहऱ्यापुढे. म्हणून चटईवर एका वेळी एकच डबा असावयाचा. दुसरा कपाटात, कुलपात.

पौषातील एक संध्याकाळ. मामा भीमनाथ महादेवाच्या दर्शनास गेले होते. दुसऱ्या रात्री शेतावर जावयाचे म्हणून त्यांनी सकाळी दोन्ही प्रकारची काडतुसे भरण्याचे योजिले होते, आणि नवी दारू वापरून झाल्यावर कपाट लावावयाचे ते पाहुणे आल्याने राहून गेले. त्यांच्या माघारी काम करावयाचे नाही हे आम्हांस ठाऊक होते. परंतु पंचवीसांपैकी थोडीच काळी काडतुसे उरली होती, हात सरावले होते, आणि तेवढे काम आपण एकट्याने उरकलेले दाखवावे असा मोह झाला. दोन्ही डबे चटईवर होते. एक उचलून कपाटात ठेवावयाचा तर कुबड्या घेऊन उठणे आले. आम्ही उठलो नाही. कंदिलाच्या उजेडात उरलेली काडतुसे भरली, मेण लावले, सगळी एकत्र पेटीत ठेवली. मामा आल्यावर त्यांनी पेटी हलवून पाहिली. आमच्याकडे एकदा पाहिले, परंतु पाहुण्यांपुढे काही बोलले नाहीत.

रात्री निजताना वर्तमानपत्राची घडी करावयास घेतली. काळ्या कणांमध्ये काही करड्या, चपट्या पापुद्र्या चमकल्या. त्या काळ्या दारूच्या नव्हत्या.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. किती काडतुसांत चुकीची दारू गेली? एकात? पाचांत? सगळी सारखीच दिसत होती. तोंडे मेणाने बंद. मनात असाही विचार येऊन गेला, तो येथे लपवीत नाही, की पापुद्र्या सकाळच्याच कामातल्या असतील. उगाच कशाला बोलावे? चोविशीच्या माणसाला आपली चूक कबूल करण्यापेक्षा ती नसल्याचे स्वतःस पटविणे सोपे जाते. परंतु डोळे मिटले की मामांचा थरथरता डावा हात नळीखाली दिसे.

पहाटे मामा अंगणात मुखमार्जन करीत होते. आम्ही कुबड्यांवर तेथवर गेलो आणि सांगितले. मामांनी तोंड पुसले. रागावतील, हातची कामे काढून घेतील, असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, "किती आहेत ते शोधू नकोस. सगळी फोड."

पंचवीसच्या पंचवीस काडतुसे फोडावयाची! मेण खरवडून, चकती काढून, छर्रे वाटीत, नमदा बाजूला, दारू कागदावर. सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत दोघे बसलो होतो. मामींनी जेवणासाठी दोनदा हाक मारली. मामा उठले नाहीत म्हणून आम्हीही नाही. चुकीची चार निघाली. मामांनी त्या चारांतील दारू पाण्यात कालवून परसात दूर ओतली आणि हात धुतले. मग म्हणाले, "कपाट मी उघडे ठेवले, ही माझी चूक. तू बसून राहिलास, ही तुझी. आता दोघे जेवू." त्या रात्री ते शेतावर गेले नाहीत. सकाळी कळले, तुरीचे दोन चास रोझांनी खाल्ले होते. त्याविषयी घरात एक शब्द निघाला नाही.

त्यानंतर पाच दिवस मामांनी आम्हांस बोलाविले नाही. सहाव्या दिवशी चटई पसरली, एक डबा ठेवला, कपाटाला कुलूप घालून किल्ली जानव्याला बांधली आणि हाक मारली, "ये रे." आम्हांस वाटते, आमचा पाय त्या दिवशी जुळला. प्लास्टर कापले ते पुढे महिन्याने. पहिल्यांदा काठीवर चालत गेलो ते तळ्याकाठच्या देवळांपर्यंत. मामा बरोबर होते. पिलाजीरावांचे ते नेहमीचे वाक्य त्यांनी त्या दिवशी उच्चारले नाही. उच्चारण्याची गरजही नव्हती. थोडी लचक राहिली, ती आजही आहे. नोकरी मात्र राहिली.

मामा १९७९ मध्ये गेले. बंदूक मामींनी रीतसर सरकारजमा केली. माघात आम्ही गेलो तेव्हा मामेभावाच्या नातवाने, तो त्याच परिसरातील एका कारखान्यात काम करतो, माळ्यावरून एक लाकडी पेटी काढून दाखविली. दारूचे माप, ठासण्याचा दांडा, आणि एक रिकामे पितळी काडतूस, बुडाशी टोपीचे मोकळे भोक. त्याने विचारले, "आजोबा, हे कशाचे?" आम्ही त्याला हे सारे सांगितले. ऐकून तो म्हणाला, त्यांच्या कारखान्यातही एखाद्या खेपेतला एक भाग सदोष निघाला की सगळी खेप थांबवून तपासतात.

संध्याकाळी त्याच्या हाताला धरून आम्ही तळ्याकाठी गेलो. देवळांत दिवा लागला होता. काडतूस त्याने आम्हांस देऊ केले. आम्ही ते पेटीतच राहू द्यावे असे सांगितले. ज्या घरात ते रिकामे झाले, त्याच घरात ते असावे.