मशीनच्या पायाचा रंग

आमच्या फायबरच्या होडीला २५ अश्वशक्तीचं मशीन आहे. ते मागच्या फळीला अडकवलेलं असतं. त्याचा पाण्यात उतरणारा खालचा भाग, म्हणजे आमच्या घरच्या बोलीत मशीनचा पाय, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. त्याच्या टोकाशी गिअर आणि पंखा. या पायाला मी जुलै २०२२ मध्ये रंग दिला, तो दिवाळीपर्यंत उतरला. मे २०२३ मध्ये दिलेला रंग मात्र टिकला. दुसऱ्या वेळी मी महागाचा डबा आणला म्हणून हे झालं असं गावात बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आमच्या चिखले गावाचा किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी पार लांब जातं आणि होडी ओल्या रेतीवर बसते. भरती चढू लागली की निघायची घाई असते. पुरेसं पाणी होण्याआधीच मशीन खाली सोडलं जातं आणि पंख्याखालचं माशाच्या परासारखं पातं रेतीत घासत जातं. रंग पहिल्यांदा तिथेच जातो. उघड्या पडलेल्या धातूवर खारं पाणी लागलं की काही दिवसांत पांढरी भुकटी धरते. बोटाने पुसली तर खाली सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसतात. हे खड्डे खोल जात राहिले तर एक दिवस गिअरच्या डब्यात पाणी शिरतं. तेल काढून पाहिलं आणि ते दुधाळ दिसलं, की समजायचं पाणी आत गेलं. (पंख्याच्या दांड्याला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळला जाऊन सील कापलं गेलं, तरीही तेल असंच दुधाळ होतं. म्हणून आधी पंखा काढून तंगूस बघावा.) आमचं मशीन कर्जावर घेतलेलं. त्याचा पाय गेला तर हंगाम गेला, एवढं सोपं गणित होतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ६१ दिवस होडी वर असते, जाळी विणायची, होडी दुरुस्त करायची, ही आमच्याकडची जुनी रीत. आजोबांच्या लाकडी होडीला मुशीचं तेल पाजायचे. मीही त्याच रीतीने रंगाचं काम बंदीच्या दिवसांत काढलं. जुलैत पावसाने चार दिवस उघडीप दिली. पडवीत मशीन घोडीवर लावलं, पायावरचे पोपडे तारेच्या ब्रशने खरवडले, वर पॉलिश पेपर फिरवला, ओल्या फडक्याने पुसलं आणि डहाणूहून आणलेल्या ऑइलपेंटचे दोन हात मारले. एका मित्राने मोठ्या बोटीच्या बुडाला लावून उरलेला तांबडा रंग दिला होता. शेवाळ धरत नाही म्हणून तो खालच्या पात्याला लावला. पायावर जस्ताचा जो तुकडा बोल्टने बसवलेला असतो, ज्याला सगळे झिंक म्हणतात, तोही डागाळलेला दिसत होता, म्हणून त्यावरही हात फिरवला. काम देखणं झालं. ११ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. त्या दिवशी बाबांनी मशीनलाही हळदकुंकू लावलं.

ऑक्टोबरात रंगाला फोड आले. नखाने फोडला तर आतून पाण्याचा थेंब निघाला, चवीला खारट. तांबडा रंग लावलेल्या पात्यावर सगळ्यात वाईट अवस्था होती. एका हंगामात तिथे ज्वारीचा दाणा बसेल एवढे खड्डे पडले होते.

दिवाळीला आत्या आणि आतोबा आले. आतोबा माझगाव डॉकमध्ये रंगकाम करून निवृत्त झालेले. त्यांनी पाय पाहिला, झिंकवर नख मारून पाहिलं, आणि विचारलं, "बाळा, हा झिंक कशाला असतो माहिताय?"

"मशीनबरोबर येतो, आतोबा. बदलायचा असतो एवढं माहीत आहे."

"तो मरायला ठेवलेला असतो. त्याला रंगाने झाकलास, मग मरायचं कुणी? पायाने."

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यांतला एक दुसऱ्यासाठी झिजतो. जस्त आणि ॲल्युमिनियम असेल तर जस्त झिजतं, ॲल्युमिनियम वाचतं. ॲल्युमिनियम आणि तांबं असेल तर ॲल्युमिनियम झिजतं. बुडाच्या तांबड्या रंगात तांब्याचा ऑक्साइड असतो. लाकडाला किंवा फायबरला त्याने काही होत नाही, पण उघड्या ॲल्युमिनियमला तो रंग लावणं म्हणजे आपल्या हाताने गंज लावणं. नंतर मी वाचलं की हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८२४ मध्येच ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर हा प्रयोग केला होता. जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे असत, ते झिजत. डेव्हीने त्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं, पण मग बुडावर शेवाळ आणि कडक कवचाचे जीव भरभरून वाढले. तांबं विरघळत होतं म्हणूनच ते जीव लांब राहत होते. माझ्या मशीनच्या पायावर नेमकं काय घडलं ते मला या गोष्टीमुळे नीट समजलं.

आतोबांनी दुसरी चूक सांगितली ती वेळेची. हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर धातूला रंग लावायचा नाही, आणि धातू दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश गरम हवा, असा जहाजाच्या रंगकामातला नियम. नाहीतर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धातूवर असतो आणि रंग धातूला न चिकटता त्या पाण्यावर बसतो. घरी मोजायचं कसं, तेही त्यांनी दाखवलं. दोन साधे थर्मामीटर घ्यायचे, एकाच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळायचं आणि वारा घालायचा. कोरडा ३० आणि ओला २८ दाखवत असेल तर दमटपणा ८५ च्या वर. पुढच्या जुलैत मी मुद्दाम मोजत राहिलो, तर उघडिपीच्या दिवशीही बहुतेक वेळा दोन अंशांचासुद्धा फरक पडत नव्हता. आपल्याला सवड जुलैत असते आणि रंगाला हवा मे महिन्याची लागते. हे कळायला मला एक पाय खराब करावा लागला.

मे २०२३ च्या तिसऱ्या आठवड्यात मी होडी वर घेतली. बाबा नाराज होते. बंदीला दहा दिवस बाकी, शेजारच्या होड्या जात होत्या, आणि आम्ही घरी. "आठ दिवसांची कमाई जाते रे," ते म्हणाले. मी त्यांना पात्यावरचे खड्डे दाखवले. ते काही बोलले नाहीत, मशीन उचलायला मात्र पुढे आले.

मशीन किनाऱ्यावर न ठेवता सुरूच्या झाडांपलीकडे, चिकूच्या वाडीतल्या छपरात नेलं. किनाऱ्यावर दुपारचा वारा रेती आणि मीठ दोन्ही आणतो. पहिले दोन दिवस नुसतं धुणं. आधी साबणाचं पाणी, मग विहिरीचं गोडं पाणी, पुन्हा पुन्हा. खड्ड्यात मीठ राहिलं की ते रंगाच्या पापुद्र्यातून पाणी आत ओढतं आणि फोड येतो. माझ्या फोडांतला खारट थेंब त्याचाच. पंखा काढला, झिंक काढला. तारेचा ब्रश या वेळी बाजूला ठेवला. लोखंडी तारेचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथून नवा गंज सुरू होतो. खड्ड्यांना ८० नंबरचा पेपर, बाकी सगळीकडे १२० आणि मग २२०. जुना रंग जिथे घट्ट होता तिथे तो ठेवला, फक्त त्याची कड इतकी घासली की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागू नये. यात तीन दिवस गेले. मग थिनरने पुसलं, एका फडक्याने ओलं आणि लगेच दुसऱ्याने कोरडं, पांढरं फडकं पांढरं राहीपर्यंत. शेवटी पाणी शिंपडलं. पाणी सलग पसरलं तर धातू स्वच्छ, थेंब थेंब होऊन उभं राहिलं तर तेल शिल्लक. पहिल्यांदा गिअरच्या जोडापाशी थेंब उभे राहिले, म्हणून तेवढा भाग पुन्हा केला.

प्रायमर डहाणूत मिळाला नाही. घोलवडहून गाडी धरून वापीला गेलो. कारखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मिळाला, ॲल्युमिनियमला चालणारा. त्याच दुकानातून वरचा दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग आणि रसायनाच्या वाफा अडवणारा मास्क घेतला. या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासातून गेलं तर कायमचा दमा जडू शकतो. नाकाला रुमाल बांधून भागत नाही. मास्कची किंमत रंगाएवढी होती, तरीही घ्या असंच मी सांगेन.

घासलेल्या ॲल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर धरायला लागतो. म्हणून प्रायमर लावण्याच्या सकाळी पुन्हा एकदा २२० चा पेपर फिरवला, पुसलं आणि तासाच्या आत पहिला हात दिला. थर्मामीटर ३३ आणि २८ दाखवत होते. खड्डे इपॉक्सी लांबीने भरले, पण प्रायमरच्या दोन हातांच्या मध्ये, उघड्या धातूवर नाही. वरच्या रंगाचे तीन पातळ हात, डब्यावर लिहिलेल्या अंतराने, सगळे सकाळी आणि सावलीत. उन्हात तापलेल्या धातूवर वरचा पापुद्रा लवकर धरतो आणि थिनर आत कोंडतो. झिंक नवा आणला. तो बसतो तिथला रंग खरवडून धातूला धातू लावला, कारण मध्ये रंग राहिला तर झिंक असून नसल्यासारखा. तांबड्या रंगाचा डबा परत केला.

त्यानंतर पाय महिनाभर तसाच वाडीत होता. जूनमध्ये बिपरजॉय वादळ गुजरातकडे सरकलं तेव्हा किनाऱ्यावर लाटा फार वर आल्या, पण वाडीतल्या पायापर्यंत त्या पोहोचल्या नाहीत. रंग पूर्ण पक्का व्हायला निदान आठवडा पाण्याविना लागतो, तो त्याला भरपूर मिळाला.

स्पीडबोटींना जो पाय असतो, इंजिन आत आणि पाय बाहेर, त्यालाही हेच लागू आहे. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये तसं यंत्र बाजारात आणलं. त्याचंही आवरण बहुतेक ॲल्युमिनियमचंच असतं. आमचं मशीन दोघांनी उचलून घरी नेता येतं. स्पीडबोटीचा पाय मात्र बोटीलाच असतो आणि बोट उभी असताना बऱ्याचदा पाण्यातच राहतो. त्याची तयारी अधिकच कसून व्हायला हवी, असं आतोबांचं मत.

आता मी दर ओहोटीला मशीन वर उचलतो, परत आल्यावर पायावर दोन बादल्या गोडं पाणी ओततो आणि महिन्यातून एकदा झिंक बघतो. तो निम्मा झिजला की बदलतो. पात्याच्या टोकाला रेतीने ओरखडे पडलेच. दर मे महिन्यात तेवढाच भाग घासून, प्रायमर देऊन पुन्हा रंगवला. बाकी पायावर फोड नाही.

होडीवाल्यांना एवढंच सांगणं आहे. बंदी लागायच्या आठ दिवस आधी मशीन घरी आणा आणि रंगाचं काम पाऊस येण्याआधी संपवा. झिंकवर रंग लावू नका.