नानांचा ‘ज्ञ’

सरकारी कचेरीत मी चौतीस वर्षे आवक-जावक सांभाळली. अर्जाला नंबर पडला की तो जन्मतो आणि फायलीत गेला की झोपी जातो, हे मला कोणी शिकवायला नको होते. पण साठीनंतर केलेल्या एका अर्जाने मला जी शिस्त लावली, ती कचेरीलाही जमली नव्हती.

त्याचे असे झाले. आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, जन्मभर कोकणातले बोलीशब्द वह्यांत टिपून ठेवले. वय अठ्ठ्याऐंशी. एक डोळा गेलेला, दुसरा जाण्याच्या बेतात. दिसते आहे तोवर कोश छापलेला पाहायचा, एवढाच हट्ट. मी सारे शब्द संगणकावर चढवले, एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने अकारविल्हे लावले आणि कागद त्यांच्या हाती दिले. भिंग लावून त्यांनी थेट शेवटचे पान काढले.

“ज्ञ कुठे गेला रे?”

ज्ञ गेला होता ‘ज’च्या घरात. क्ष बसला होता ‘क’च्या शेपटाला. काळजी कावळ्याच्या आधी! यंत्राला अक्षर कळत नाही, अक्षराचा क्रमांक कळतो. युनिकोडच्या १९९१ सालच्या तक्त्यापासून ‘ल’च्या पाठोपाठ ‘ळ’ आहे. आणि क्ष, ज्ञ ही जोडाक्षरे, त्यांना स्वतंत्र क्रमांकच नाही. आपल्या वर्णमालेत मात्र ही तिघे ‘ह’नंतरची.

भाची म्हणाली, “मामा, चिडू नका. सूचना नोंदवा.”

हा प्रोग्रॅम देशोदेशीची माणसे फावल्या वेळात, बिनपगारी करतात. त्यांचे एक उघडे नोंदणीपुस्तक असते. मोझिला प्रकल्पासाठी १९९८ साली बग्झिला नावाचे असे पुस्तक तयार झाले, आणि तीच वहिवाट पुढे पुष्कळांनी उचलली. चूक वेगळी, सुधारणा वेगळी. नोंद आधी ‘अपुष्ट’, कोणी पडताळली की ‘नवी’, कोणी अंगावर घेतली की ‘नेमून दिलेली’, मग ‘सोडवलेली’. ‘करणार नाही’ असाही शेरा असतो; पण नाकारलेली नोंददेखील कारणासह जागेवर राहते. आमच्या कचेरीत अशी नोंद पहिल्यांदा उंदराला सापडली असती.

मी दोन पानी अर्ज केला. त्यात नानांचे चरित्र आले, आणि जाता जाता अक्षरे मोठी करण्याची विनंतीही. उत्तर दोन ओळींचे: एका नोंदीत एकच गोष्ट, काय दिसते आणि काय दिसायला हवे ते लिहा. मला झोंबले. नव्या कारकुनांना मी हेच ऐकवत आलो होतो! मग सात ओळी आणि वीस शब्द दोन रकान्यांत लिहून पाठवले.

चौथ्या दिवशी शेरा पडला: ‘द्विरुक्ती’. तीन वर्षांपूर्वी एका स्वीडिश गृहस्थाने हेच मागितले होते. त्यांची तीन जादा अक्षरे झेडनंतर येतात, ती या प्रोग्रॅमने ए आणि ओच्या पंगतीत बसवली होती. माझी नोंद बंद, त्याच्या नंबराला बांधलेली. त्या रात्री मी जेवलो नाही.

“अहो मामा, तुमची बंद झाली म्हणजे त्याची जड झाली,” भाची म्हणाली. आणि खरेच, आठवड्यात त्या जुन्या नोंदीला जाग आली. भाषेभाषेचा वर्णक्रम युनिकोडवाल्यांनीच वेगळा संग्रहित केलेला आहे, तो या प्रोग्रॅमने विचारावा, की दोघांचेही भागेल, असे कोणी सुचवले.

मी ‘सीसी’त नाव घातले. शेरा बदलला की पत्र येई. नाना रोज सकाळी चहाबरोबर विचारीत, “सरकला का आपला नंबर?” मार्चमध्ये सरकला, मग तीन महिने ढिम्म. मी स्मरणपत्र लिहायला बसलो, तर भाचीने हात धरला. “स्मरणपत्राने काही होत नाही. चाचणीची प्रत निघाली की तपासून द्या.”

श्रावणात ती निघाली. तेवीसशे शब्द पुन्हा लावले, कागद नानांकडे नेले. आता त्यांना भिंगानेही एकेक अक्षरच दिसते. शेवटच्या पानावर बोट फिरवत ते थांबले. ज्ञ होता. बराच वेळ बोट तिथेच राहिले.

मग पहिल्या पानाकडे वळून म्हणाले, “हा अनुस्वार इथे कसा?”

“नाना, ती वेगळी नोंद होईल.”

“मग कर. आणि माझं चरित्र घालू नकोस त्यात.”