ठेवलंय की टाकलंय?

इंग्रजी क्रियापद एकटं असतं तोवर अगदी गरीब असतं. 'गो' म्हणजे जाणे, 'गिव्ह' म्हणजे देणे, 'पुट' म्हणजे ठेवणे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून ही मंडळी भेटली तेव्हा मला वाटलं, एवढ्या सज्जन भाषेला लोक उगाच घाबरतात. पण याच 'पुट'च्या शेजारी कुणी 'अप', 'ऑफ', 'आऊट' असं दीड अक्षराचं पोर आणून उभं केलं, की त्याची चालचलणूकच बदलते. 'पुट ऑफ' म्हणजे पुढं ढकलणे, 'पुट आऊट' म्हणजे विझवणे, आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूट सोसणे. यातलं ठेवणं कुठं गेलं, ते साहेबाला ठाऊक!

बरं, त्या पोरांचा तरी एक स्वभाव असावा? तोही नाही. दिवा 'गोज ऑफ' म्हणजे विझतो. गजर 'गोज ऑफ' म्हणजे वाजायला लागतो. दूध 'गोज ऑफ' म्हणजे नासतं. एकाच 'ऑफ'नं एकाला गप्प केलं, दुसऱ्याला बोंबलायला लावलं आणि तिसऱ्याचं वाटोळं केलं. फॉर्म 'फिल इन' केला काय आणि 'फिल आऊट' केला काय, भरतो एकच. म्हणजे आत आणि बाहेर या दोन दिशासुद्धा या भाषेत एकमेकींच्या घरी राहायला जातात.

डॉक्टर जॉन्सननं १७५५ साली आपला मोठा शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच कबूल केलं होतं की परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो या जोडक्रियापदांचा. त्यांचं 'फ्रेजल व्हर्ब' हे बारसं रूढ झालं ते लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकानंतर. हे सगळं मला आज माहीत आहे. १९७९ साली माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं. खरी गोम तिथं होती.

त्या साली मी बी. ए. होऊन एका हायस्कुलात नुकताच चिकटलो होतो. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेला आमच्या गल्लीतला मी पहिलाच. त्यामुळे उचगावात ज्याला ज्याला इंग्रजी कागद यायचा तो तो आमच्या उंबऱ्यावर यायचा. विम्याचे कागद, बँकेचे कागद, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. मी सगळं वाचून दाखवायचो. आई आतून चहा पाठवायची आणि चहाबरोबर स्वतःही दारात येऊन उभी राहायची. मुलाचं इंग्रजी ऐकायला!

आषाढातली गोष्ट. टेंबलाईच्या जत्रेचे दिवस. पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत नेऊन टेंबलाईच्या पायऱ्यांवर ओतायचं आणि घरी येऊन तांबडा-पांढरा रस्सा ओरपायचा, हा आमच्याकडचा कार्यक्रम. शेजारच्या आप्पांचा थोरला ठाण्याकडच्या एका कारखान्यात टर्नर होता. तो चार दिवसांची रजा टाकून आला होता. त्यातले दोन दिवस उरले असताना आप्पा एक लांबोडका पाकीट घेऊन आमच्याकडं आले. पत्त्यात जिल्हा लिहायचा राहिला होता, त्यामुळे ते पाकीट आधी बेळगावजवळच्या उचगावाचं दर्शन घेऊन मग आमच्या उचगावात आलं होतं.

"मास्तर, कंपनीचा कागद हाय. काय म्हंतोय बगा जरा."

मी चष्मा पुसला. (नंबर शून्य होता, पण चष्म्याशिवाय इंग्रजी वाचणं शोभत नसे.) कागद तीन ओळींचा. मधोमध शब्द होते, 'लेड ऑफ'. आता 'ले' म्हणजे ठेवणे. 'लेड' म्हणजे ठेवलेला. 'ऑफ' म्हणजे बाजूला. मी दोन्हींची बेरीज केली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आप्पा, कंपनीनं तुमच्या मुलाला बाजूला काढून ठेवलंय."

आता तुम्ही म्हणाल, यात चुकलं काय? शब्दाला शब्द बरोबर होता. पण ऐकणारा शेतकरी होता. मळणीच्या वेळी चांगली टपोरी कणसं बाजूला काढून ठेवतात ती पुढच्या सालच्या बेण्याला. आप्पांचा चेहरा असा फुलला, की तो बघून माझीही खात्री पटली.

"म्हंजी निवडून काढलंय म्हना की!"

"तसंच दिसतंय," मी म्हणालो. हे दोन शब्द मला अजून झोपू देत नाहीत.

संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले गेले. पहिला पेढा मला. कंपनीनं निवडून काढलेला माणूस आठ दिवस उशिरा गेला तर काय बिघडतंय, असं ठरून थोरल्यानं मुक्काम वाढवला. जत्रा झाली, रस्सा झाला. मी दोन वाट्या पांढरा प्यायलो.

पुढं तो ठाण्याला गेला, आणि पाचव्या दिवशी पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन परत आला. 'लेड ऑफ' म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलेला, हे त्याला गेटवर कळलं. तेवढ्यावर भागतं तरी मी माझी समजूत घातली असती. पण तेव्हाच्या, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ दिलेल्या कायम कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळायची, आणि तिला एक अट होती. माणसानं दिवसातून एकदा ठरल्या वेळी कारखान्यात तोंड दाखवून यायला हवं. ज्या दिवशी गैरहजर, त्या दिवसाची भरपाई नाही. म्हणजे माझ्या 'तसंच दिसतंय'ची किंमत त्या घरानं आठ दिवसांच्या अर्ध्या पगारात मोजली होती. वर पेढ्यांचा खर्च.

मी पगारातले पैसे पाकिटात घालून आप्पांकडं गेलो. दारातच बोललो, "आप्पा, चुकलं माझं."

त्यांनी पाकिटाकडं बघितलंसुद्धा नाही. अडकित्त्यात सुपारी धरून बराच वेळ कातरत बसले. मग म्हणाले, "मास्तर, बाजूला काढलंय हे तुमचं बराबरच हुतं की. फकस्त 'ठेवलंय' न्हवं, 'टाकलंय' म्हनायचं हुतं."

बी. ए.च्या तीन वर्षांत मला कुणी एवढं नेमकं शिकवलं नव्हतं. 'काढून ठेवलंय' म्हणजे बेणं, 'काढून टाकलंय' म्हणजे फोलपट. काढणं दोन्हीकडं तेच. जॉन्सननं परक्यांची कीव केली, पण आमच्या भाषेतही तोच खेळ चालला आहे, आणि तो आम्ही जन्मापासून न शिकता खेळतो. आमच्याकडं पाहुण्याच्या ताटात वाढताना 'खाऊन बघा' म्हणतात तेव्हा भाजी नवी असते, 'खाऊन घ्या' म्हणतात तेव्हा गाडीची वेळ झालेली असते, आणि 'खाऊन टाका' म्हणतात तेव्हा पातेलं घासायला हवं असतं. 'बसून घ्या' आणि 'बसून राहा' यांतला फरक एखाद्या इंग्रजाला समजावून सांगा बरं! मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिलं. ते मी नंतर मुद्दाम आणून वाचलं. पण व्याकरण वाचताना मला सारखा अडकित्त्याचा आवाज ऐकू यायचा.

थोरला ठाण्याला परत गेलाच नाही. दोन वर्षं उद्यमनगरात दुसऱ्याच्या लेथवर राबला आणि मग शिरोलीच्या एम. आय. डी. सी.त एक शेड भाड्यानं घेऊन स्वतःची सेकंडहँड लेथ टाकली. (बघा, इथं 'टाकली' म्हणजे उभारली. काही खरं नाही!) आता त्याच्या तोंडात एवढी जोडक्रियापदं असतात की जॉन्सन कानांवर हात ठेवील. मशीन 'ब्रेकडाऊन' होतं, पार्टीकडं 'फॉलोअप' करावा लागतो, टेम्पोला 'पिकअप' नसतो, आणि २०२० सालच्या 'लॉकडाऊन'मध्ये त्यानं कुणालाही 'ले-ऑफ' दिला नाही. यातल्या एकाचाही अर्थ त्यानं मला कधी विचारला नाही.

विचारला तो एकदाच, गेल्या दिवाळीत. आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. थोरल्याचा मुलगा इंजिनिअर झाला आहे. बापलेक दोघं आले, मुलाच्या हातात मोबाइल, बापाच्या हातात पेढ्यांचा पुडा. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं पत्र मोबाइलवर आलं होतं. पोरगं इंग्रजी माझ्यापेक्षा फाडफाड बोलतं. त्याला अर्थ कळला नव्हता असं मुळीच नाही. पण बापानं पुड्याच्या दोऱ्याला हात लावला नव्हता.

मी चष्मा लावला. आता नंबर आहे. 'टेक यू ऑन' असे शब्द होते. मी उठून शब्दकोश काढला. 'टेक ऑन' म्हणजे नोकरीवर घेणे. त्याच्याखाली दुसरा अर्थ: अंगावर घेणे, झुंजायला उभं राहणे. कोल्हापूरच्या माणसाला दुसराच अर्थ जवळचा.

"काय म्हणतंय?" थोरल्यानं विचारलं.

"एक तर नोकरी दिली आहे," मी म्हणालो, "नाही तर कुस्ती ठरवली आहे."

पोरगं खो खो हसलं. बाप हसला नाही. त्यानं पुडा मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, परत एकदा नीट वाचा. मग दोरा सोडतो."