काळीच्या मुखाशी ओली एकादशी

विजयादशमीचे सोने वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशी, पहाटेच्या अंधारात, आम्ही रामनगरहून कारवारकडे प्रस्थान ठेवले. आम्ही म्हणजे तिघे : आमच्या शाळेतील विज्ञानाचे शिक्षक, त्यांचा सातवीत शिकणारा चिरंजीव आणि प्रस्तुत लेखक. हेतू एवढाच, की थंडीच्या तोंडावर उत्तरेकडून उतरणारे पाणपक्षी काळी नदीच्या मुखाशी पाहावेत. आमच्या जोयडा तालुक्यात पक्ष्यांची वाण नाही. धनेशाच्या चार जाती येथल्या रानात नांदतात आणि त्यांना पाहण्यासाठी परगावची मंडळी गणेशगुडीपर्यंत येतात. परंतु दाराशी असलेल्या देवापेक्षा दूरच्या क्षेत्राची ओढ अधिक, हा मनुष्यस्वभावच आहे.

परतीच्या पावसाने त्या दिवशी आमची चांगलीच परीक्षा पाहिली. अणशीच्या घाटात धुके इतके दाट, की मोटारीचे दिवे लावूनही पुढचे वळण कळेना. कद्र्याच्या खाली आलो तेव्हा धुके सरले, पण सरी वाढल्या. सौभाग्यवतींनी दिलेली साबुदाण्याची खिचडी आडोशाला बसून खाल्ली आणि नऊच्या सुमारास कारवारजवळ सुंकेरीच्या बाजूला, कांदळवनाच्या कडेशी पोहोचलो. पाहतो तो काय, पक्षी नाहीत आणि त्यांना उतरायला चिखलही नाही! कांदळाची मुळे, तिवरांची खोडे अर्धी पाण्यात बुडालेली. नदी, आकाश आणि पाऊस यांचा एकच राखी पडदा.

जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका वयस्क मच्छीमाराने आमची फजिती ओळखली. आजची तिथी कोणती, असे त्याने विचारले. एकादशी, असे आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मग अकराची पाऊणपट करा मास्तर. सव्वाआठाला भरती झाली, चार घटका इकडे-तिकडे. ओहोटी पूर्ण व्हायला दोन वाजतील. शिवाय आज भांग आहे, पाणी फार मागे हटणार नाही. उधाणाच्या दिवसांत यायचे होते."

आम्ही चाट पडलो. पावकी, निमकी, पाऊणकी आम्ही बालपणी छडीच्या धाकाने पाठ केलेली. अकरा पाऊणे सव्वाआठ हे आजही झोपेत म्हणता येईल. पण तिथीला पाऊणपट केली की समुद्राचे घड्याळ हाती येते, हे तीस वर्षांच्या अध्यापनात आम्हांला कोणी शिकवले नव्हते. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याची चढ-उतार मोठी, म्हणून ते उधाण. अष्टमीच्या पुढेमागे ती कमी, म्हणून तो भांग. चिखलात चोच खुपसून जगणाऱ्या पक्ष्याला हे पंचांग उपजत ठाऊक असते.

मग पाच तास वाट पाहणे आले. याच कारवारला १८८३ साली तरुण रवींद्रनाथ आपल्या बंधूंकडे राहिले होते. त्यांचे बंधू सत्येंद्रनाथ तेव्हा येथे न्यायाधीश होते. चांदण्या रात्री काळी नदीत केलेल्या नौकाविहाराची आठवण कविवर्यांनी पुढे लिहून ठेवली आहे आणि 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटकही त्यांच्या येथल्याच मुक्कामातले. त्यांच्या वाट्याला चांदणे आले, आमच्या वाट्याला गळकी छत्री.

एक वाजून गेल्यावर पाण्याने कड सोडली. प्रथम हातभर, मग दोन-चार वाव रुंदीचा काळसर चिखल उघडा पडला आणि इतका वेळ कुठे दडले होते कोण जाणे, पक्षी उतरू लागले. शेपटी वरखाली नाचवणारे तुतवार, धावता धावता एकदम थबकणारे चिखल्ये, मान आखडून बसलेल्या ढोकऱ्या. वर पावसातच एक शंखी घार घिरट्या घालीत होती. चिरंजीवांनी वहीत एकतीस पक्षी मोजले; त्यांतले निम्मे आम्हांला ओळखता आले नाहीत, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. आणि मग आला तो मोठा कोरल. विळ्यासारखी खाली वळलेली, अंगाच्या मानाने अवास्तव लांब चोच. मध्य आशिया आणि सैबेरियाकडच्या प्रदेशात घरटी करणारा हा पाहुणा हजारो मैलांवरून येतो. त्याने चार ठिकाणी चोच खोल खुपसली, पाचव्या ठिकाणी काहीसे मिळाले, आणि तो चालत पुढे गेला.

"पूर्वी त्याला इतके शोधावे लागत नसे," आमचा मच्छीमार म्हणाला. त्याच्या वडिलांच्या वेळी तिसऱ्यांच्या पाट्या भरून निघत. आता वरून धरणांचे गोडे पाणी बारमाही उतरते, खाडीचा खारेपणा मोडतो, आणि तिसऱ्यांना खारे पाणी हवे. आमच्या विज्ञानशिक्षकांनी दुजोरा दिला. वीज करण्यासाठी सोडलेल्या पाण्याने काळीच्या खाडीतील क्षार घटले आहेत, असे अभ्यासकही सांगतात. शेजारच्या अघनाशिनीवर धरण नाही. तिचे मुख शिंपल्यांनी संपन्न राहिले आणि २०२४ साली त्या खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

हे ऐकून आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. कारण त्या वरच्या धरणांतले पहिले आमचे आहे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे सुपे हे आमच्या तालुक्याचे जुने ठाणे. तेथल्या बाजारात वडिलांचे बोट धरून आम्ही पाटी विकत घेतली होती. १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, ऐंशीच्या दशकात सुपे पाण्याखाली गेले, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली आणि विस्थापितांसाठी वसवलेल्या रामनगरात आमच्यासारख्यांचे बिऱ्हाड पडले. त्या त्यागाचा आम्हांला कधी अभिमान वाटला, कधी विषाद. शाळेतला दिवा लागला की मनात येई, ही आमच्या सुप्याची ज्योत. किंमत आम्ही मोजली आणि हिशेब मिटला, अशी आमची समजूत होती. एकशे चौऱ्याऐंशी किलोमीटरची नदी दिग्गीच्या रानातून निघून जेथे समुद्राला मिळते, तेथेही कोणी त्याच दिव्याची किंमत मोजीत असेल, हे चाळीस वर्षांत आमच्या ध्यानी आले नाही. तिसऱ्या वेचणाऱ्या बाईला आणि त्या कोरलाला पुनर्वसनाची वसाहत कोण देणार?

दिवे आम्ही विझवणार नाही, हे खरे. पण हिशेब पुरा मांडावा, एवढे तरी शिक्षकाच्या हाती आहे.

तीन वाजता पाणी पुन्हा चढू लागले. कोरल एकदा दीर्घ शीळ घालून उडाला आणि पावसात दिसेनासा झाला. घाट चढताना चिरंजीव मागल्या आसनावर गुणगुणत होते. कान देऊन ऐकले तो पाऊणकी! पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पाचच्या पुढे, असे गणित त्यांनी स्वतःच सोडवले होते. सुट्टी संपताच पाचवी ते सातवीच्या वर्गांत पाऊणकी पुन्हा सुरू करण्याचे आम्ही योजिले आहे. आणि पुढच्या उधाणाला त्या मुलांना घेऊन काळीच्या मुखाशी जायचे, हेही ठरले आहे. आपली नदी कोठवर जाते, ते त्यांनी लवकर पाहिलेले बरे.